कॅमेऱ्याची बटणे बोटांना ओळखता यावीत: कॅमेरा उत्पादकांच्या रचनाकारांना खुले पत्र

प्रति,
डिजिटल कॅमेऱ्यांची बाह्यरचना ठरवणारे सर्व रचनाकार व अभियंते, तसेच कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशन म्हणजेच 'सीपा' ही उत्पादकांची संघटना यांस,

स. न. वि. वि.

मी रंगमंचावरील नृत्याची आणि पक्ष्यांची छायाचित्रे काढतो आणि नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्यांना शिकवतो. छायाचित्रे काढताना माझा डोळा व्ह्यूफाइंडरला लागलेला असतो आणि कॅमेऱ्याची पाठ मला दिसत नाही. जे काही बदलायचे ते उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चाचपून बदलावे लागते. हे पत्र त्या चाचपण्याविषयी आहे. तुमच्या कॅमेऱ्यांवरची बहुतेक बटणे पाहून ओळखता येतात, स्पर्शाने ओळखता येत नाहीत, आणि ज्या क्षणी ती लागतात नेमकी त्याच क्षणी पाहायला सवड नसते, एवढेच माझे म्हणणे आहे. ते सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

एका नृत्यप्रयोगात शेवटच्या रचनेच्या वेळी मंचावरचा प्रकाश एकदम उतरला. नर्तकी मध्यभागी स्थिर उभी होती आणि पुढच्या दोन-तीन श्वासांत ती झेप घेणार हे मला ठाऊक होते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, वाढवावा म्हणून मी बोट नेले आणि आयएसओऐवजी त्याच्या शेजारचे ड्राइव्हचे, म्हणजे एकेक, सलग की सेल्फ-टायमरने छायाचित्रे काढायची हे ठरवणारे, बटण दाबले गेले. चाक फिरवले तेव्हा आयएसओ होता तिथेच राहिला आणि कॅमेरा दहा सेकंदांच्या सेल्फ-टायमरवर गेला. शटर दाबले तर छायाचित्र निघालेच नाही, उलट अंधाऱ्या सभागृहात कॅमेऱ्याच्या पुढचा दिवा लुकलुकू लागला. झेप हुकली, याचे दुःख आहेच. पण तो दिवा थेट तिच्या डोळ्यांसमोर चमकत होता, याची खंत मला अधिक वाटते. नंतर घरी येऊन मी ती दोन बटणे नीट पाहिली. दोन्ही गोल, दोन्ही सारख्याच आकाराची, पृष्ठभागापासून सारख्याच उंचीवर आणि एकमेकांपासून काही मिलिमीटरच्या अंतरावर होती. त्यांच्यातला सगळा फरक त्यांच्यालगत छापलेल्या बारीक पांढऱ्या अक्षरांत होता, आणि ती अक्षरे अंधारात बोटाच्या काय कामाची?

हे माझ्या सरावाच्या अभावामुळे झाले असे कोणी म्हणेल. त्या कॅमेऱ्यावर मी दोन वर्षांहून अधिक काळ काम करत होतो, पण तो मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण या प्रकारच्या चुकीचा अभ्यास कॅमेऱ्यांच्या जगाबाहेर फार पूर्वी झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसण्याचे प्रकार घडत होते. वैमानिकांना पंखांचे फ्लॅप मिटायचे असत आणि त्यांच्या हातून चाके आत ओढली जात. ॲल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्हींचे खटके दिसायला सारखे आहेत आणि शेजारीशेजारी बसवले आहेत. त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचे लहानसे चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसवण्याचा उपाय सुचवला. हाताला आकार कळू लागला आणि ती चूक थांबली. आजही मोठ्या विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपच्या दांड्याची मूठ फ्लॅपसारखी असते, आणि तसा नियमच आहे. वैमानिकाच्या चुकीपुढे माझी हुकलेली झेप काहीच नाही, हे मी जाणतो. चूक मात्र त्याच जातीची आहे, आणि तिचा उपाय तुमच्या हाती आहे.

तुमच्या व्यवसायातही एक बटण या बाबतीत आदर्श आहे. शटरच्या बटणावर अक्षर नसते आणि ते कशाचे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही, कारण कॅमेरा हातात घेताच तर्जनी आपोआप त्यावर येऊन टेकते. अर्धे दाबले की फोकस आणि प्रकाशमापन होते, पूर्ण दाबले की छायाचित्र निघते, आणि या दोन टप्प्यांची सीमा बोटाला एका सूक्ष्म अडथळ्याने कळते. ती सीमा किती खोलीवर असावी आणि अडथळा किती मऊ असावा यावर तुमच्यापैकी काहींनी अतिशय बारकाईने काम केले आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. शटरच्या बटणाला जो विचार मिळाला त्याचा चौथा हिस्सा जरी पाठीवरच्या दहा-बारा बटणांना मिळाला असता तरी हे पत्र लिहावे लागले नसते. ती बटणे एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. शिवाय पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांच्याखाली रबराचा पडदा बसवला की पुष्कळदा त्यांचा खटका इतका मऊ होतो की बटण दाबले गेले की नाही हेच अंगठ्याला समजत नाही. पाणी आणि धूळ रोखणे आवश्यक आहे, पण त्याची किंमत म्हणून खटक्याची जाणीव गमवावी लागू नये.

संगणकाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात आणि जुन्या फोनच्या पाचच्या आकड्यावर एक टिंब असे. एवढ्याशा खुणेवर माणसे न पाहता भराभर टंकलेखन करतात, कारण एक जागा पक्की सापडली की बाकीच्या जागा हाताला तिच्यावरून कळतात. कॅमेऱ्याच्या पाठीवर अंगठ्याला अशी एक पक्की जागा द्या. फोकस सुरू करणारे एएफ-ऑनचे बटण खोलगट असावे, आयएसओच्या बटणावर एक टिंब असावे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या, म्हणजे छायाचित्र अधिक उजळ किंवा गडद करण्याच्या, बटणावर आडवी रेघ उठावाने काढलेली असावी आणि छायाचित्र खोडण्याचे बटण सपाटीच्या किंचित खाली, मुद्दाम शोधावे लागेल असे असावे. काही मोजक्या कॅमेऱ्यांवर यांतील एखादी खूण आढळते आणि ती मिळाली की किती आधार वाटतो हे वापरणाऱ्यालाच ठाऊक. अंधारासाठी बटणांमागे दिवे देण्याची सोयही काहींनी केली आहे. निकॉनने २०१२ च्या डी४ वर ती दिली आणि पेंटॅक्सने २०१६ च्या के-१ वर लेन्सचा माउंट म्हणजे ती बसवण्याची जागा, कार्डाचा कप्पा आणि कॅमेऱ्याची पाठ उजळणारे बारीक दिवे बसवले. तिपाईवर कॅमेरा ठेवून ताऱ्यांची छायाचित्रे काढणाऱ्याला हे दिवे वरदान आहेत. डोळा व्ह्यूफाइंडरला असेल तेव्हा मात्र त्यांचा उपयोग नाही, म्हणून दिवे दिले तरी उठावाच्या खुणा लागतीलच.

याहून पुढचे एक पाऊलही मला शक्य वाटते. कॅननच्या २०२० च्या १डी एक्स मार्क ३ मध्ये एएफ-ऑनच्या बटणात असा संवेदक आहे की त्यावरून अंगठा नुसता सरकवला तरी फोकसबिंदू हलतो. म्हणजे बटणावर बोट टेकले आहे हे बटण दाबण्यापूर्वीच कॅमेऱ्याला कळू शकते. तेच ज्ञान वापरून व्ह्यूफाइंडरच्या कडेला त्या बटणाचे नाव दाखवता येईल. बोट टेकताच 'आयएसओ' दिसले तर दाबायचे, 'ड्राइव्ह' दिसले तर बोट सरकवायचे. त्या नृत्यप्रयोगात मला एवढे पुरेसे झाले असते.

बटण कुठे असावे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न बटण कशासाठी असावे हा आहे, आणि याबाबत तुमच्या व्यवसायाने एक धडा फार पूर्वीच शिकून घेतलेला आहे. १९८४ मध्ये आलेल्या कॅननच्या टी७० वर आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० वर शटरस्पीडची परंपरागत तबकडी काढून तिच्या जागी आकडा वर-खाली करणारी बटणे दिली होती. त्या काळी ते आधुनिक वाटले असणार. पण १/६० वरून १/१००० वर जायचे तर आजच्या एक-तृतीयांश स्टॉपच्या हिशेबाने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मध्ये बारा टप्पे येतात. बटणाने बारा वेळा दाबावे लागते आणि चाकाने तेच काम बोटाच्या दोन-तीन फटकाऱ्यांत होते. शिवाय प्रत्येक टप्प्याला चाकाची खाच बोटाला जाणवते, त्यामुळे न पाहता मोजताही येते. १९८६ च्या टी९० वर कॅननने तर्जनीसाठी शटरच्या मागे चाक आणले आणि १९८९ च्या ईओएस-१ वर अंगठ्यासाठी पाठीवर दुसरे मोठे चाक दिले. आज जवळजवळ प्रत्येक गंभीर कॅमेऱ्यावर अशी दोन चाके आहेत, कारण ती हाताला पटली. जिथे अनेक टप्प्यांतून जायचे तिथे चाक आणि जिथे हो किंवा नाही एवढेच सांगायचे तिथे बटण, ही विभागणी इतक्या कष्टाने मिळाली असताना ती विसरली जाते तेव्हा वाईट वाटते. कॅननच्याच २०१८ च्या ईओएस आर वर पाठीमागे स्पर्शाने चालणारी एक पट्टी होती. तिला खाच नव्हती, खटका नव्हता. दोन वर्षांनी आलेल्या आर५ आणि आर६ वर ती नव्हती. प्रयोग करून पाहणे आणि तो मागे घेणे यात कमीपणा काहीच नाही, आणि हा निर्णय मला योग्यच वाटला.

टचस्क्रीनविषयी थोडक्यात सांगतो. ती मेनूसाठी आणि तिपाईवरच्या कामासाठी उत्तम आहे. पण ओल्या बोटांना ती नीट दाद देत नाही आणि थंडीतल्या साध्या हातमोज्यांना तर मुळीच देत नाही. जे छायाचित्रकार डाव्या डोळ्याने पाहतात त्यांचे नाक स्क्रीनला टेकून फोकसबिंदू भलतीकडे जातो. म्हणून कोणतीही अत्यावश्यक गोष्ट फक्त स्क्रीनवर ठेवू नये, तिला बटणाचा किंवा चाकाचा मार्ग असलाच पाहिजे.

आता नको असताना दाबल्या जाणाऱ्या बटणांकडे वळतो, कारण माझ्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी सर्वांत जास्त त्यांच्याविषयीच असतात. अंगठा जिथे विसावतो ती जागा कॅमेरा पेलण्याची आहे. काही कॅमेऱ्यांवर नेमके त्याच उंचवट्यावर झटपट मेनूचे बटण बसवलेले असते आणि कॅमेरा घट्ट धरला की मेनू उघडतो. लहान आकाराच्या कॅमेऱ्यांवर व्हिडिओचे लाल बटण तळहाताच्या गादीखाली येते आणि पिशवीतून कॅमेरा काढता काढता चित्रण सुरू होते. एका विद्यार्थिनीच्या कार्डावर पिशवीच्या आतल्या काळोखाचे चाळीस मिनिटांचे चित्रण निघाले, आणि तिला त्याचा पत्ता लागला तो बॅटरी संपल्यावर. पकडीची जागा आणि बटणाची जागा एक असता कामा नये, हे तत्त्व मी विद्यार्थ्यांना कसे समजावू? ते तर तुम्ही समजून घ्यायचे आहे.

कुलुपांच्या बाबतीत चांगली उदाहरणे तुमच्याकडेच आहेत. फुजीफिल्मच्या एक्स-टी२ वर, म्हणजे २०१६ मध्ये, तबकड्यांच्या मध्यभागी असे बटण आले की एकदा दाबले की तबकडी अडकते आणि पुन्हा दाबले की मोकळी होते. धोका पत्करायचा की सोय हे वापरणारा स्वतः ठरवतो, एका हाताने दाबून दुसऱ्याने फिरवण्याची कसरत उरत नाही. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांवर कार्ड पुसण्यासाठी दोन ठरावीक बटणे एकाच वेळी धरून ठेवावी लागतात, जे चुकून होणे जवळजवळ अशक्य आहे. परिणाम जितका अपरिवर्तनीय तितकी कृती अवघड आणि गरज जितकी तातडीची तितकी कृती सोपी, असा विचार या रचनांमागे दिसतो. असे असताना छायाचित्र खोडण्याचे बटण हे छायाचित्र मोठे करून पाहण्याच्या बटणाला खेटून का ठेवले जाते, हे मला अजून उमगलेले नाही.

माझ्या वर्गात वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे येतात. पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगतो, 'एक्स्पोजर अडकवून ठेवा,' म्हणजे मोजलेला प्रकाश बदलू देऊ नका, आणि पुढचा बराच वेळ ते बटण शोधण्यात जातो. एकाच्या कॅमेऱ्यावर ती सोय इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेली असते, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर फक्त ताऱ्याची खूण असते, तिसऱ्याच्या कॅमेऱ्यावर ती एका क्रमांकाच्या बटणामागे दडलेली असते आणि चौथ्याच्या कॅमेऱ्यावर ती मेनूत जाऊन एखाद्या बटणाला नेमून द्यावी लागते. बटणांना हवे ते काम नेमण्याची मुभा ही अनुभवी माणसाला मोठी देणगी आहे आणि ती काढून घ्या असे मी कधीच म्हणणार नाही. पण हल्ली असे दिसते की एखादे बटण कशासाठी असावे हा निर्णय घेण्याचे काम तुम्ही आमच्यावर सोपवले आहे. नवखा माणूस मेनूत उतरतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ती निनावी बटणे कायमची मुकी राहतात. आणि अनुभवी माणसाने महिनाभर खपून बसवलेली घडी नवा कॅमेरा घेतला की मोडते, कारण कार्डावर साठवलेल्या नेमणुका बहुधा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कॅमेऱ्यालाच वाचता येतात. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या कॅमेऱ्यांमध्ये तरी या नेमणुका नेता आल्या पाहिजेत. नव्या कॅमेऱ्यात एखादी सोय नसेल तर ती वगळावी, बाकीच्या आणाव्यात.

सीपाला मी हे पत्र मुद्दाम लिहितो आहे. बॅटरी एका चार्जमध्ये किती छायाचित्रे देते हे कसे मोजावे, हाताच्या थरथरीचा परिणाम कमी करणारे स्थिरीकरण किती स्टॉपचे आहे हे कसे ठरवावे, यासाठी सर्व कंपन्यांना मान्य अशी पद्धत तुमच्या संघटनेने आखून दिली आणि त्यामुळे ग्राहकाला दोन कॅमेऱ्यांची तुलना करता येऊ लागली. तिपाईचा पाव इंची आटा कोणत्याही कॅमेऱ्याला बसतो, एका कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रांची माहिती एक्झिफ या समान नोंदपद्धतीमुळे कोणत्याही संगणकाला वाचता येते. सगळ्या कॅमेऱ्यांची बटणे एकाच जागी असावीत अशी माझी मागणी नाही. निकॉनची लेन्स एका दिशेने फिरवून बसते आणि कॅननची उलट दिशेने, आणि दोन्हींची सवय असलेली माणसे लाखोंनी आहेत. त्यांच्या हातांची सवय मोडणे अन्यायाचे होईल. मागणी मोजणीची आहे. डोळे झाकून, हातमोजे घालून, लहान आणि मोठ्या अशा दोन्ही पंजांच्या माणसांनी आयएसओ, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आणि फोकसबिंदू बदलायला किती वेळ घेतला आणि किती वेळा भलतेच बटण दाबले, याची एक समान चाचणी ठरवा आणि तिचा निकाल बॅटरीच्या आकड्याप्रमाणे माहितीपत्रकात छापा. आज आम्हाला सेकंदाला किती छायाचित्रे निघतात हे कळते. सोनीच्या ए९ ३ मध्ये तो आकडा १२० पर्यंत गेला आहे. पहिले छायाचित्र घेण्याआधी बोटाला किती वेळ लागतो, याची मात्र कोणी नोंदच ठेवत नाही.

ज्यांचा उजवा हात चालत नाही, किंवा ज्यांना एकच हात आहे, त्यांच्यासाठी आजच्या बाजारात जवळजवळ काहीच नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. १९३६ च्या किने एक्झॅक्टावर शटरचे बटण डाव्या हाताला होते आणि यशिकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या सामुराई कॅमेऱ्याची खास डाव्या हाताची आवृत्ती काढली होती, तेव्हा हे अशक्य मुळीच नाही. प्रत्येक मॉडेलचा आरसाप्रतिमेसारखा दुसरा साचा बनवणे तुम्हाला परवडणार नाही हे मी समजू शकतो. पण डाव्या हातासाठी शटर, दोन चाके आणि तीन बटणे असलेली एक जोडपकड, जी तिपाईच्या आट्याला बसेल आणि केबलने किंवा ब्लूटूथने बोलेल, ती बनवणे तुमच्या आवाक्यात नक्कीच आहे. उभ्या छायाचित्रांसाठी बटणे असलेली जादा पकड तुम्ही कित्येक वर्षे विकतच आहात. दृष्टी अधू असलेल्यांसाठी सोनीने काही कॅमेऱ्यांत मेनू मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय दिली आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. हाताने अधू असलेल्यांचा विचारही तितक्याच आस्थेने व्हावा.

नव्या साच्याला वेळ लागतो, म्हणून आधीच विकलेल्या कॅमेऱ्यांत फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातली आज्ञावली, बदलून करता येतील अशा तीन गोष्टींची विनंती करून थांबतो. व्हिडिओचे बटण, झटपट मेनूचे बटण आणि ड्राइव्हचे बटण अर्धा सेकंद दाबून धरल्यावरच चालावे, असा पर्याय द्या. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना सेल्फ-टायमर निवडला गेला तर व्ह्यूफाइंडरमध्ये तशी ठळक सूचना दाखवा, आणि शटर पुन्हा अर्धे दाबताच तो रद्द होऊन छायाचित्र घेता येऊ द्या. आणि कोणत्या बटणाला कोणते काम नेमले आहे याचे चित्र, मेनूत न शिरता, एकाच बटणाच्या दाबाने व्ह्यूफाइंडरच्या आतच दिसू द्या. पुढचा नृत्यमहोत्सव जवळ आला आहे, आणि यांपैकी पहिली गोष्ट जरी तोवर झाली तरी माझ्यासारख्या पुष्कळांची सोय होईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक छायाचित्रकार आणि शिक्षक